२०१बी७

जिचं नाव मला कधीच कळणार नाही अशा एका बाईची मी देणेकरी आहे. ठाऊक आहे ते एवढंच: वय ३६, पेशी चेहऱ्याच्या त्वचेतल्या. त्या विकत घेऊन क्योतो विद्यापीठात शिन्या यामानाकांच्या गटाने २००७ साली माणसाच्या पहिल्यावहिल्या आयपीएस पेशी, म्हणजे साध्या पेशी मागे वळवून केलेल्या मूलपेशी, घडवल्या. त्यातलं एक वाण २०१बी७. जगभरच्या लॅबमध्ये ते पोचलं, तसं पुण्यात आमच्याकडेही.

पीएचडीत मला करायचं होतं वेगळंच. एका रुग्णाच्या त्वचेतल्या पेशी घेऊन त्यांच्या मूलपेशी करायच्या. कृती ठरलेली: ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक ही चार जनुकं सेंडाई विषाणूच्या पाठीवर लादून पेशीत सोडायची. यामानाकांनी वापरलेला रेट्रोव्हायरस पेशीच्या डीएनएत कायमचा मुक्काम ठोकतो. सेंडाई तिकडे फिरकतच नाही, पेशी वाढतील तसा विरत जातो. मग तीनेक आठवडे पेशींचं खाद्य, म्हणजे मीडिया, बदलत बसायचं, सणवार न बघता.

खरी गोम निवडण्यात आहे. यामानाकांना ५०,००० पेशींमागे जेमतेम दहाएक खऱ्या वसाहती, म्हणजे पूर्ण बदललेल्या पेशींचे पुंजके, मिळाल्या. खोट्या कितीतरी जास्त. त्याआधी २००६ साली उंदराच्या पेशींसाठी त्यांनी औषधाची चाळणी लावली होती. एफबीएक्स१५ हे जनुक ज्या पेशीत जागं होईल तीच औषधात तगेल, अशी. चाळणी भरड निघाली, अर्धवट बदललेल्याही तिच्यातून पार झाल्या. पुढे नॅनॉग जनुक धरलं तेव्हा माल अस्सल आला. माणसाच्या वसाहती मात्र त्यांनी नजरेनंच टिपल्या.

ती नजर मला नव्हती. आमच्या टेक्निशियन ताईंना होती. हूडपाशी बसण्याआधी त्या बांगड्या काढून अॅप्रनच्या खिशात टाकत, तो किणकिणाट ऐकला की आम्ही गप्प. "लवकर उगवली आणि गुटगुटीत दिसली, तर भुलू नकोस," म्हणायच्या. "फुगीर, दाणेदार ती टाकायची. आपली चपटी असते. कड बघ, पेन्सिलीनं आखल्यासारखी."

पहिल्या खेपेला तिथवर पोचलेच नाही. गौरी-गणपतीला घरी जायच्या घाईत इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी बदलायचं राहिलं. परतले तर सगळ्या डिशांत बुरशीची लव. दोन महिने पाण्यात. ताई एक शब्द बोलल्या नाहीत. सगळं ब्लीचमध्ये ओतलं, माझ्याकडून इन्क्युबेटर दोनदा पुसून घेतला, आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीतून २०१बी७ची एक कुपी काढून माझ्या हातात ठेवली. "आधी हिला वाढव. नजर बसू दे."

चार महिने मी तिला वाढवलं. सपाट, दाटीवाटीच्या पेशी, मोठं केंद्रक, त्यात ठसठशीत ठिपके. दुसऱ्या खेपेला रुग्णाच्या डिशमध्ये विसाव्या दिवशी एक वसाहत दिसली आणि ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं झालं. पिपेटच्या टोकाने कडेकडेनं सोडवून ती उचलली तेव्हा हात थरथरत होता. पुढच्या परीक्षा, टीआरए-१-६० या मूलपेशींच्या खुणेचं रंगकाम, गुणसूत्रांची मोजदाद, सगळ्यांत ती टिकली.

आता त्वचादानाची संमतीपत्रं मीच समजावून सांगते. जरुरीपेक्षा जास्त वेळ घेते, असं सहकारी म्हणतात. परवा मंचरकडच्या एक आजी आल्या होत्या. "माझ्या कातड्याचं पुढं काय व्हनार?" त्यांनी विचारलं. मी त्यांना २०१बी७ची गोष्ट सांगितली. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"आन् ती बाई आता बरी हाय का गं?"

इतकी वर्षं रोज सूक्ष्मदर्शकातून तिच्याकडे बघत आले, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.