वाऱ्याकडे तोंड

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर मी नोकरीला लागले, तेव्हा माझ्याकडच्या पवनचक्क्यांच्या जुन्या मशीन एकाच ठराविक चालीने फिरायच्या. जनरेटर थेट ग्रिडला जोडलेला. वारा मंद असो की जोराचा, पात्यांचा वेग जवळपास तोच. पुढे सांगली जिल्ह्यात जतकडे बदली झाली आणि वाऱ्यागणिक वेग बदलणारी मशीन पहिल्यांदा हाताखाली आली. मी अगदी हरखून गेले होते.

तिथे मला आजीचं जातं आठवायचं. वैरण जास्त घातली की जातं जड होतं, कमी घातली की नुसतं घरघरतं, पीठ पडत नाही. जनरेटर पात्यांवर घालतो तो भार असाच असतो. जास्त झाला तर पाती मंदावतात आणि वारा मधून निसटून जातो. कमी झाला तर पाती भिरभिरतात, पण वीज बेताचीच. तीन पात्यांच्या मशीनमध्ये पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या साधारण सात-आठ पट राहिला, की सगळ्यात जास्त ऊर्जा हाती लागते. कंट्रोलर हे वारा न मोजताच साधतो. रोटरच्या वेगाचा वर्ग करायचा, त्याला एका स्थिरांकाने गुणायचं, तेवढा टॉर्क लावायचा. वारा वाढला की पाती वेग घेतात, वेगाबरोबर भार वाढतो आणि तोल आपोआप योग्य जागी बसतो. मला हे सूत्र आजही सुंदर वाटतं.

आमच्या रांगेतली एक मशीन मात्र शेजारणीपेक्षा कमी वीज द्यायची. गंमत नव्हती ती. महिन्याच्या प्रत्येक अहवालात तिचा आकडा मला टोचायचा. आषाढात दोघी पूर्ण लोडवर, पात्यांचा कोन म्हणजे पिच फिरवून जादा वारा सोडून देणाऱ्या, तेव्हा फरक शून्य. दिवाळीनंतर वारा उतरला की ही मागे पडायची. मी सूत्रालाच धरलं. उंचावरची, तापलेली हवा विरळ असते, म्हणजे स्थिरांक जास्त ठेवला गेला असणार, भार जड होत असणार. परवानगी काढून तो कमी केला. महिनाभर आकडे पाहिले, फरक दिसेना. नंतर कागदावर मांडलं तेव्हा कळलं, की वेग आणि ऊर्जा यांच्या आलेखाचा माथा सपाट असतो. वेग चार-पाच टक्के इकडेतिकडे झाला तरी ऊर्जेत टक्काभरही घट येत नाही.

आमचे जुने टेक्निशियन अण्णा एका सकाळी खाली जीपजवळ चहा घेत होते. ते म्हणाले, "मॅडम, ही बया कायम जरा वाकडी उभी राहती. बाकीच्यांची तोंडं बघा अन् हिचं बघा."

मी पाहिलं. मैलभर सपाट माळ, सगळीकडे एकच वारा, आणि तिचं नॅसेल, म्हणजे मनोऱ्यावरची यंत्रांची पेटी, रांगेतल्या बाकीच्यांपेक्षा थोडं उत्तरेला. इतके दिवस मी स्क्रीनवर पाहत होते, आणि स्क्रीनवर ती वाऱ्याच्या अगदी समोर होती. असणारच, कारण दिशा सांगणारा वातकुक्कुट तिच्याच पाठीवर बसवलेला. तोच तिरका असेल, तर मशीन इमानाने तिरकीच उभी राहणार.

वारा पडलेला असताना हार्नेस घालून आम्ही शिडी चढलो. नॅसेलच्या छपरावर वातकुक्कुटाचा ब्रॅकेट दहाएक अंशांनी फिरलेला होता. कधीतरी सेन्सर बदलताना तसाच आवळला गेला असावा. दहा अंश ऐकायला थोडे वाटतात. पण ऊर्जा वाऱ्याच्या वेगाच्या घनाने बदलते. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा हिशोब कोसाइनच्या घनाने केला, तर साधारण साडेचार टक्के तूट निघते. मी स्थिरांकात जे शोधत होते, त्याच्या कितीतरी पट.

अण्णांनी नॅसेलच्या मध्यरेषेवर दोरी ताणली, मी ब्रॅकेट सैल करून कुक्कुट तिच्या रेषेत आणला. नट आवळल्यावर त्यांनी ब्रॅकेट आणि छप्पर यांच्यावरून लाल ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढली, म्हणजे पुढे कोणी हलवलं तर लगेच दिसावं. दुपारी वारा उठला. आम्ही खाली उभे होतो. नॅसेल वळवणारी यॉ मोटर घरघरली, नॅसेल हळूहळू वळलं आणि बाकीच्यांच्या ओळीत येऊन थांबलं.

रंगाचा डबा आम्ही जीपमध्येच ठेवला. रांगेतल्या बाकी मशीन अजून चढायच्या होत्या.