एक पाइप वाचवला त्याची गोष्ट

माझे सारे आयुष्य वायरमनकीत गेले. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांत पाइप ठोकणे, वायरी ओढणे, पॅनल जोडणे हेच केले. याच कामावर मुलांची शिक्षणे झाली, डोक्यावर स्लॅब आला. कामाविषयी माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट वीस वर्षांहून अधिक काळ मनात सलते आहे. ती वाचून कुणाचा मुलगा सावध झाला तर बरे, म्हणून लिहीत आहे.

२००३ सालची गोष्ट. मी एका कंत्राटदाराकडे कामाला होतो. एका कारखान्यात मशीनजवळ कॉम्प्युटर बसवायचे ठरले. ऑफिसपासून तिथवर नेटवर्कची केबल न्यायची होती. छताखालून लोखंडी पाइप आधीच गेलेला होता. त्यात मशीनच्या, म्हणजे ४१५ व्होल्टच्या, वायरी होत्या. मी म्हणालो, "साहेब, केबलसाठी वेगळा पाइप टाकावा लागेल."

कंत्राटदार म्हणाला, "पाइपात जागा आहे ना? मग खर्च कशाला वाढवता? टाका त्यातच."

मी टाकली. विजेच्या वायरीसोबत अशी केबल एका पाइपात घालू नये, हे मला ठाऊक होते. वायरमनचा परवाना माझ्या खिशात होता. पण महिनाअखेर आली होती आणि पगार त्याच्या हातात होता. मी गप्प बसलो.

कॉम्प्युटर सुरू झाला. सगळे खूश. पण एक मोठी मोटार चालू केली की संपर्क तुटायचा. मोटार बंद केली की परत यायचा. साहेब लोकांनी कॉम्प्युटर बदलून पाहिला, पेटी बदलून पाहिली. फरक पडेना.

त्याचे कारण पुढे मला नीट समजले. नेटवर्कच्या केबलमध्ये बारीक तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घातलेली. बाहेरून काही उपद्रव आला तर तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचते, म्हणून तो उपद्रव आपोआप वजा होतो. दिव्याच्या साध्या वायरीचा त्रास त्यामुळे सहसा जाणवत नाही, आणि लोक म्हणतात, "चालते की!" पण मोटारीचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह असला, तर तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. त्याची वायर केबलला खेटून लांबवर गेली, तर पीळही पुरा पडत नाही.

कंत्राटदाराने निदान केले, "केबलच खराब आहे. नवी ओढा." पुन्हा त्याच पाइपातून! उत्पादन थांबायला नको म्हणून मेन स्विचही बंद केला नाही. माझ्यासोबत माझा पुतण्या होता. वय एकोणीस, नुकताच आयटीआय झालेला. मीच त्याला या कामाला लावले होते. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधली आणि आम्ही ओढू लागलो. मध्ये एका ठिकाणी अडली. आम्ही जोर लावला. सुटली.

अडली होती ती जंक्शन बॉक्समध्ये. तिथे एका फेजच्या वायरीला कुणीतरी पूर्वी जोड दिला होता. गरमीने त्याची टेप वाळली होती. केबल घासली तशी टेप निघाली. बॉक्सच्या धारदार भोकाला बुश नव्हता, त्या धारेने केबलचेही साल निघाले. उघडी तार उघड्या तारेला टेकली. आम्हाला यातले काहीच दिसले नाही.

पुतण्या शिडीवर उभा राहून केबल सोलत होता. आठ रंगांच्या तारा बोटांनी सरळ करीत होता. एकदम ओरडला आणि खाली आला. बोटे भाजली, कोपराचे हाड मोडले. जीव वाचला.

दवाखान्यात माझी भावजय आली. रडली नाही, भांडली नाही. एवढेच विचारले, "दादा, कॉम्प्युटरच्या वायरमध्ये करंट नसतो, असे तुम्हीच म्हणाले होते ना?"

म्हणालो होतो. त्या केबलमध्ये असतात ते जेमतेम काही व्होल्ट. त्याने कुणाला काही होत नाही. पण शेजारी कोण आहे, ते मी तिला सांगितले नव्हते. विजेच्या वायरीचे आवरण ११०० व्होल्टच्या दर्जाचे असते. नेटवर्कच्या केबलचे आवरण त्या कामासाठी नसतेच. शिवाय एमसीबी पडला नाही. तो शॉर्ट झाल्यावर किंवा भार वाढल्यावर पडतो. तो वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी लागतो. तो तिथे नव्हता.

वायरमनकीत नव्याने शिरणाऱ्या मुलांना मी हे सांगतो. नेटवर्कची केबल वेगळ्या पाइपात न्या. मोठा ट्रे असेल तर मधे लोखंडी पडदा हवा. वायरीपासून फूटभर तरी अंतर ठेवा, ड्राइव्हच्या वायरीपासून त्याहून जास्त. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. पाइपाच्या तोंडाला बुश लावा. तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे नेऊ नका. जिथे मोटारींचा फार गोंगाट आहे, तिथे फायबर टाका. त्यात प्रकाश धावतो, त्याला मोटारीचा उपद्रव होत नाही. आणि काम कितीही छोटे असो, मेन स्विच बंद करून कुलूप लावा, किल्ली आपल्या खिशात ठेवा. कुठलीही तार हातात घेण्याआधी टेस्टर लावा, कॉम्प्युटरची असली तरी.

पुतण्या आज स्वतः नेटवर्कची कामे घेतो. त्याचा तो हात अजून पुरता सरळ होत नाही. एका पाइपात टाका म्हणणारे त्यालाही भेटतात. तो काम सोडून येतो. मला ते त्या दिवशी जमले नाही.

आता हे कारखान्यापुरते राहिलेले नाही. घरोघरी इंटरनेट आणि कॅमेरे आले आहेत. वायर टाकणारा पोरगा घाईत असतो, भिंतीत लाइटचा पाइप दिसला की त्यातच केबल खुपसतो. फायबरच्या केबलमध्येही पुष्कळदा आधाराची पोलादी तार असते. म्हणून तीही लाइटच्या पाइपात नको. माय-बहिणींनो, घरी तुम्हीच असता. त्याला थांबवा.

मागच्या महिन्यात आमच्या घरी कॅमेरा बसवायला असाच एक पोरगा आला. त्यानेही लाइटच्या पाइपाकडे बोट दाखवले. मी मेन स्विच बंद केला, माझ्या जुन्या पेटीतून केसिंग पट्टी काढून त्याच्या हातात दिली. म्हणालो, "बाबू, हिच्यातून ने. वेळ लागू दे."

त्याचे काम होईपर्यंत शिडी मी धरून उभा होतो.