बाहेरचे

बेळगावहून वेंगुर्ले रस्त्याने निघालं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. कुणी काही विचारत नाही. पाट्यांवरचं कन्नड संपतं, देवनागरी सुरू होते, एवढंच. चंदगडकडच्या आजोळी जाताना लहानपणापासून मी ही सीमा ओलांडत आलोय. सीमा म्हणजे एक पाटी, असंच वाटायचं.

परवा परीक्षा संपल्यावर हेनिंग मांकेल या स्वीडिश लेखकाची ‘फेसलेस किलर्स’ वाचली. मूळ कादंबरी १९९१ ची. स्वीडनच्या दक्षिण टोकाला इस्टाड नावाचं बंदर आहे, तिथून पोलंडला बोटी जातात. जवळच्या एका वस्तीत म्हाताऱ्या शेतकरी जोडप्यावर रात्री हल्ला होतो. नवरा मरतो. बायको इस्पितळात जाते आणि मरता मरता एकच शब्द बोलते, ‘परदेशी’. पोलीस अधिकारी वॉलंडर हा शब्द बाहेर जाऊ नये म्हणून धडपडतो, पण तो फुटतोच. मग निर्वासितांच्या छावणीला आग लागते. खुनाशी काडीचाही संबंध नसलेला एक सोमाली माणूस गोळीने मारला जातो.

खुनी कुठून आले हे कळायला अगदी शेवटपर्यंत थांबावं लागतं. संशय मात्र तेवढं थांबत नाही. त्याला ना बोट लागते, ना व्हिसा.

इथे मी पुस्तक मिटलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या घराला रंग देत होते. त्याच आठवड्यात आजीचा तांब्याचा हंडा नाहीसा झाला. रंगारी दोघे बिहारचे, माझ्याच वयाचे. “बाहेरच्यांचंच काम असणार हे, दुसरं कोण करतंय?” हे वाक्य माझं होतं. काकांनी गल्लीतच त्यांच्या पिशव्या उलट्या करायला लावल्या. दोन शर्ट, साबण, फोनचा चार्जर. हंडा नव्हता. ते काही बोलले नाहीत. शर्ट घडी करून परत भरले आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. राहिलेली मजुरी मागायलासुद्धा नाही.

आणि हे म्हणणारा मी कोण? कोल्हापूरला मावसभावाच्या लग्नात ‘तुम्ही कर्नाटकातले ना?’ म्हटलं की चिडणारा. इथे ऑफिसात कन्नड अडखळली की ओशाळणारा.

कादंबरीचा शेवट सांगतोय, माफ करा. खुनी खरोखरच परदेशी निघतात. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. लेखकाने सोपी पळवाट ठेवली नाही. शब्द खरा निघाला, म्हणून त्या सोमाली माणसाचा जीव परत येत नाही.

आमचा हंडा अजून सापडलेला नाही. उद्या कळलं की त्या दोघांपैकीच कुणी नेला होता, तरी गल्लीत उलट्या केलेल्या त्या पिशव्या बरोबर ठरत नाहीत. त्यांची मजुरी घरात पाकिटात तशीच आहे. द्यायची कुठे, ते माहीत नाही. त्यांची नावंसुद्धा आम्ही विचारली नव्हती.