चाळीसगावला उतरावे

खानदेश म्हटला की लोकांना जळगावची केळी आठवतात, भरताची वांगी आठवतात. आणि फारच झाले तर धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ. चित्रे पाहावयाची तर अजिंठ्याला जावे, ही आपली जुनी समजूत. पण जळगाव जिल्ह्यातच एका कलावंताचे घर आहे आणि त्याच्याजवळून कितीतरी प्रवासी रोज न थांबता पुढे जातात.

धुळ्याहून चाळीसगावला छप्पन किलोमीटरांचा आगगाडीचा फाटा आहे. कापसाच्या शेतांतून गाडी रमतगमत जंक्शनात येते. बहुतेक मंडळी येथे गाडी बदलतात. काही पाटणादेवीला जातात. भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख तिकडचाच. स्टेशनाजवळच्या केकी मूस यांच्या घराकडे वळणारे मात्र थोडे.

मूस पारशी. जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, मुंबईचा. विलायतेत कलेचे शिक्षण घेऊन ते चाळीसगावी आले आणि पुढे सुमारे पन्नास वर्षे घराबाहेर क्वचितच पडले. गावात गोष्ट सांगतात ती अशी, की प्रेयसी पंजाब मेलने येणार म्हणून ते रोज रात्री गाडीच्या वेळी दार उघडून वाट पाहत.

गोष्ट गोड आहे. मी मराठीचा मास्तर. गोष्टींवरच माझे पोट चालते. पण या गोष्टीने मूस यांचे नुकसानच केले आहे, असे मला वाटते. वाट पाहणारा माणूस सर्वांना ठाऊक झाला. काम करणारा माणूस मागे राहिला.

ते काम पाहा. मूस चित्रे काढीत, शिल्पे करीत. पण त्यांची खरी करामत टेबलावरच्या छायाचित्रणाची. चार लहानसहान वस्तू टेबलावर मांडावयाच्या, दिव्याचा उजेड नेमका हवा तेथे पाडावयाचा, आणि कॅमेरा अशा बेताने लावावयाचा की पाहणाऱ्याला अख्खा देखावा समोर उभा दिसावा! जगाकडे न जाता त्यांनी जगच टेबलावर आणले. ही चित्रे विरहाने होत नाहीत; त्यांना हात, डोळा आणि अपार चिकाटी लागते.

अमेरिकेत चार्ल्स बर्चफील्ड नावाच्या चित्रकाराने ओहायोतल्या सेलम या लहानशा गावाची घरे, झाडे, ऋतू जलरंगांत रंगविले. १९३० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. गाव लहान म्हणून चित्र लहान ठरत नाही, हे तिकडे कोणाला तरी उमगले.

आपल्याकडे उमगत नाही असे नव्हे. राजवाडेही एकांडेच. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांची दप्तरे सांभाळण्यासाठी मंडळ उभे राहिले. मूसही ३१ डिसेंबरलाच गेले, १९८९ साली. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. जपणारे आहेत, पाहणारे हवेत.

तेव्हा वाचकहो, चाळीसगावला एक गाडी मुद्दाम सोडा. पंजाब मेलची गोष्ट हवी तर ऐका. पण चित्रे पाहून झाल्यावर.