सप्रेम भेट आणि एक पोस्टकार्ड

जऊळका हे वाशीम जिल्ह्यातले, अकोला–पूर्णा लोहमार्गावरचे गाव. तेथील एका निवृत्त शिक्षकाच्या पलंगाखाली पुठ्ठ्याची चार खोकी आहेत. त्यांत त्याच्या एकमेव कवितासंग्रहाच्या एकशे ऐंशी प्रती आहेत. छापल्या होत्या तीनशे. छपाईचा खर्च भविष्यनिर्वाह निधीतून झाला. प्रकाशकाने आपले नाव, मुखपृष्ठ आणि आयएसबीएन क्रमांक दिला. उरलेल्या एकशे वीस प्रती प्रकाशन समारंभात आणि नंतर लग्नाकार्यात ‘सप्रेम भेट’ असे लिहून वाटल्या गेल्या. अभिनंदन पुष्कळांनी केले. पण गेल्या सहा वर्षांत संग्रहातल्या एकाही ओळीविषयी कोणी त्याला काही विचारलेले नाही.

त्याच घरातल्या कपाटात 1994 सालचे एक पोस्टकार्ड आहे. पत्त्यात जिल्हा अकोला असा आहे. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला. मुंबईहून निघणाऱ्या एका अनियतकालिकाच्या संपादकाने ते धाडले होते. सहा कवितांपैकी चार परत करीत आहोत. उरलेल्या दोहोंपैकी एकीच्या शेवटच्या दोन ओळी वाचकाच्या समाधानासाठी लिहिल्यासारख्या वाटतात, त्या काढता येतील का, एवढाच त्यातला आशय. कवीला राग आला. दोन महिन्यांनी त्याने त्या ओळी काढल्या. संग्रहातल्या बासष्ट कवितांपैकी ज्या एका कवितेविषयी त्याच्या मनात आज शंका नाही, ती हीच. पोस्टकार्ड आणि खोकी यांच्यामधल्या अंतरात मराठी कवितेच्या स्वतंत्र प्रकाशनाचा प्रश्न सामावलेला आहे.

अनियतकालिकांच्या चळवळीकडे प्रस्थापितांविरुद्धचे बंड म्हणून पाहण्याची रीत रूढ आहे. ती चुकीची नाही; 1969 साली झालेली ‘सत्यकथे’ची होळी हा त्या बंडाचा सर्वांत दृश्य क्षण होता. परंतु या कथनात एक गोष्ट झाकली जाते. 1954 साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदींनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले, तेव्हा त्यांनी छपाईच्या साधनांइतकीच निवडीची सत्ताही आपल्याकडे घेतली. अशोक शहाणे यांचे ‘असो’ 1963 साली निघाले, तेव्हाच्या औरंगाबादहून ‘वाचा’ निघाले आणि त्याच नावाच्या प्रकाशनाने 1970 साली भालचंद्र नेमाडे यांचा ‘मेलडी’ हा संग्रह काढला. या सर्वांत चाळणी होती. ती बाजाराच्या वा प्रतिष्ठेच्या हातून काढून समानधर्मी कवीच्या हाती दिलेली होती, इतकेच. नाकारण्याचा अधिकार असलेला मित्र, अशी त्या संपादकाची व्याख्या करता येईल.

शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने 1977 साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केला. कोलटकरांचे पुढचे मोठे मराठी संग्रह यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. ‘भिजकी वही’ 2003 साली आली. मधल्या पंचवीसेक वर्षांत कवीने लिहिणे थांबवले नव्हते आणि प्रकाशकाने घाई केली नव्हती. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 2005 साली, कवीच्या निधनानंतर. प्रकाशनाचे स्वातंत्र्य म्हणजे न छापण्याचेही स्वातंत्र्य, हा या दीर्घ मौनाचा अर्थ आहे. नव्वदनंतर ‘शब्दवेध’, ‘सौष्ठव’, हेमंत दिवटे यांचे ‘अभिधा’ व ‘अभिधानंतर’ यांनी हीच रीत नव्या अनुभवविश्वासाठी चालवली. जऊळक्याचे पोस्टकार्ड या परंपरेचे अपत्य आहे.

खोकी मात्र वेगळ्या व्यवस्थेची आहेत. अक्षरजुळणीच्या काळात अल्पसंख्य प्रतींचा संग्रह परवडत नसे. संगणक आणि अंकीय मुद्रण आल्यावर शंभर प्रतीही छापता येऊ लागल्या. ही मोठीच मुक्ती होती. तिच्या पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या प्रकाशनांना गुण दिले आणि आयएसबीएन क्रमांकाला भलतेच मोल आले. वास्तविक भारतात हा क्रमांक विनाशुल्क मिळतो. तरीही तो दरपत्रकात मोडू लागला आणि कवी हा प्रकाशकाचा ग्राहक झाला. ग्राहकाला कोणी नाकारीत नाही. तीनशे प्रतींचे पैसे आगाऊ मिळाल्यावर पुस्तक विकले जाण्याची निकड प्रकाशकाला उरत नाही, आणि ते वाचण्याची तर नाहीच. येथे कवी स्वतंत्र नसतो, एकटा असतो.

या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे. समानधर्मी मंडळींची चाळणी पाहता पाहता कंपू होते. मुंबई–पुणे–औरंगाबादच्या वर्तुळांपर्यंत ज्यांचा पत्ता पोहोचला नाही, ज्या स्त्रियांना रात्रीच्या बैठकांत जागा नव्हती, त्यांच्यासाठी पदरचे पैसे घालून छापणे हाच काही वेळा एकमेव मार्ग होता. त्या मार्गाची टिंगल करणे हा वर्तुळात बसलेल्यांचा विशेषाधिकार ठरेल. पण खर्च कोणी केला हा मूळ मुद्दाच नाही. छापण्याआधी कविता कोणी वाचली, हा आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली ग्रंथरूप झाली, ती घरच्यांनी टिपून ठेवली होती आणि आचार्य अत्रे यांनी ती ऐकून ओळखली म्हणून.

जऊळक्याच्या परिसराला हे नवे नाही. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लावला आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. काव्याला साहित्यविद्येची, म्हणजे जाणत्या वाचनाची, जोड मिळाल्याखेरीज त्याचे भटकणे थांबत नाही, असा या रूपकाचा एक अर्थ घेता येतो. त्याच जिल्ह्यातल्या कारंजा येथील जैन भांडारांत अपभ्रंश काव्ये शतकानुशतके टिकली. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ 1931 साली कारंजा जैन ग्रंथमालेतून छापले गेले. तोवर अशी काव्ये जगली ती नकलांवर. कोणी दाता खर्च करी, लेखनिक नक्कल करी, ग्रंथ मुनींना वा भांडाराला अर्पण होई. जैन हस्तलिखितांच्या शेवटी या तिघांची नोंद अनेकदा आढळते. म्हणजे पदरचा पैसा तेव्हाही होता आणि ‘सप्रेम भेट’ही होती. फरक असा की प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक अक्षरावरून फिरलेला एक हात होता.

कवीकडे आता दुसऱ्या संग्रहाचे हस्तलिखित तयार आहे. एका प्रकाशनसंस्थेचे दरपत्रकही आले आहे. त्याला त्याने उत्तर दिलेले नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो, मालेगावचा एक तरुण प्राध्यापक आणि वाशीमच्या बँकेत नोकरी करणारी एक कवयित्री असे तिघे जमले. सोळा पानांची पुस्तिका, झेरॉक्सच्या पन्नास प्रती, खर्च तिघांत सारखा, असे ठरले. अट एकच: कविता घ्यायची ती उरलेल्या दोघांनी आपल्या हाताने उतरवून काढली असेल तरच. हात आखडला तर कविता परत.

त्याने एकवीस कविता दिल्या होत्या. चार राहिल्या. परत आलेल्या सतरांपैकी एकीच्या समासात पेन्सिलीने लिहिले आहे, ‘नवव्या ओळीनंतर थांबायला हवे होते.’ त्याला ते अजून मान्य नाही. मात्र तो कागद त्याने कपाटात, पोस्टकार्डाजवळ ठेवला आहे.