सुट्टीतलं गुऱ्हाळ

थंडी पडली की आमच्या कोल्हापूर भागातल्या माणसाला गुऱ्हाळ आठवतंच. दिवाळीची सुट्टी लागली की आत्याची, मामाची सगळी पोरं गावात हजर. पहाटे घोंगडं पांघरून चुलवाणाच्या उबेला बसायचं. चुलव्या चिपाडं सारायचा, रस उकळायचा. भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घातलं की मळी वर यायची. ती काढली की वास शिवारभर! आजी तांब्यात काकवी आणायची, भाकरी तिच्यात बुडवून खायची.

आम्हाला सगळ्यात भारी वाटायचा गुळव्या. पाक जरासा गार पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी वळायची, टणक लागली की काहील उतरवायची. आता थर्मामीटरवर तोच टप्पा 118 अंशाच्या आसपास दिसतो. आज्जा आम्हा पोरांनाही गोळी वळून बघायला लावायचा.

2014 ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान वाटला. पण गुऱ्हाळं कमी होत चाललीत. गुळव्या मिळंना, मजुरी परवडंना, ऊस सरळ कारखान्याला. बोटाला कळणारी ही पारख पुढच्या पिढीनं शिकायची कुठं?

यंदा सुट्टीला पुण्या-मुंबईची पोरं आली की चालू गुऱ्हाळावर न्या. काकवी चाखू द्या, आणि गुळव्याला विचारून पाण्यात गार झालेली एक गोळी त्यांनाही वळू द्या.