खाल्ल्या घरचे वासे

कृतघ्न माणसाविषयी मराठी माणूस म्हणतो, हा खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. वर्गात हा वाक्प्रचार आला की अर्थ विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, पण वासा कुणी पाहिलेला नसतो. काँक्रीटच्या स्लॅबला वासे नसतात. तेव्हा मोजायचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. आम्ही दोघेही गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. ओसरी, देवडी, माजघर, बळद, कोनाडा या शब्दांपाशी आल्यावर आम्हाला दर वर्षी फळ्यावर घराचा आराखडा काढावा लागतो, आणि दर वर्षी तो आधीपेक्षा अधिक तपशिलाने काढावा लागतो.

राहात्याच्या परिसरातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचण, तिच्यावर पाला नि चिखल, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखाला असे सपाट छप्पर परवडते. वैशाखातले ऊनही ते बाहेरच थोपवते. गावठाणाला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणण्याची आपली रीत या मातीशीच जोडलेली आहे. पिढ्यानपिढ्यांची घरे विरून जी माती होते, तीच पुढच्या घरांच्या डोक्यावर चढते. येथून फार लांब नसलेल्या प्रवराकाठच्या दायमाबादला उत्खननात निघालेली तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची घरेसुद्धा माती नि लाकडाचीच होती.

मात्र या दोहोंपैकी माती फुकट होती आणि लाकूड दुर्मिळ. हे मैदान सागाचे नव्हे. साग सह्याद्रीच्या बाजूने बैलगाड्यांतून यायचा. ऐपतदाराच्या घरात साग, इतरांकडे बाभूळ आणि लिंब. जी वस्तू दुर्मिळ असते तिच्यावरून माणसे मोजमाप करतात. म्हणून आपल्याकडे घर फुटांत नव्हे, खणांत मोजले गेले. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. ‘पाच खणांचे घर’ म्हटले की सोयरीक जुळवणाऱ्याला पुढचे विचारावे लागत नसे. वाटणीच्या कागदांतही थोरल्याला पूर्वेकडचे दोन खण, धाकट्याला चुलीकडचा एक, असेच लिहिलेले आढळते. टेबलाच्या कप्प्याला आपण आजही खण म्हणतो, तो शब्द याच कुळातला.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी परक्या देशातले पहिले लाकडी घर पाहिले ते मॉस्कोहून येणाऱ्या स्वस्त मराठी पुस्तकांत. सोव्हिएत संघ 1991 साली विसर्जित झाला आणि प्रगती-रादुगाची ती पुस्तके यायची थांबली. परंतु बर्फात रुतलेले ओंडक्यांचे घर, खिडक्यांभोवतीची नक्षीदार चौकट आणि भल्यामोठ्या शेगडीवर निजलेला आजोबा डोळ्यांपुढून हलले नाहीत. त्या घराला रशियन भाषेत ‘इज्बा’ म्हणतात, हे पुढे कळले. तिथे लाकडाला तोटा नाही, म्हणून भिंतच ओंडक्यांची. आपल्याकडे लाकूड केवळ हाडांपुरते, बाकी अंग मातीचे. त्यांच्या घराचे मर्म शेगडीत, कारण बाहेर हिमवर्षाव. आपल्या वाड्याचे मर्म उघड्या चौकात, कारण येथे उजेड आणि वारा हवा.

तरीही एक साम्य आम्हाला विलक्षण वाटले. इज्बाच्या छताखालून एक मुख्य तुळई जाते. तिला ‘मातित्सा’ म्हणतात. पाहुण्याने बोलावल्याविना तिच्या पलीकडे पाऊल टाकायचे नाही, मागणी घालायला आलेल्यांनी तिच्या अलीकडेच बसायचे, असा तिथला जुना शिरस्ता. आपल्याकडेही घराच्या खांब-तुळयांवर अशाच अदृश्य रेघा होत्या. कोण देवडीपर्यंत, कोण ओसरीपर्यंत, कोण माजघरात, हे घरानेच ठरवून टाकलेले असे. या रेघा केवळ शिष्टाचाराच्या नव्हत्या. कित्येकांना ओसरीची पायरीसुद्धा वर्ज्य होती. ज्या सुताराच्या हातून चौकट बसवून घेताना नारळ फोडायचा आणि त्याला टोपी-उपरणे द्यायचे, तोही एरवी बाहेरच्या पडवीत बसे. घरातल्या बायकांचे आयुष्य माजघराच्या अंधारात, साण्यातून येणाऱ्या हातभर उजेडात सरले. वाड्याविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी हा उजेड किती होता तेही मोजावे.

ही घरे गेली ती एका कारणाने नाही. कालव्यांनी ऊस आणला. लोणीच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत या तालुक्यात पैसा खेळू लागला आणि मळ्यात बंगला बांधणे ही प्रतिष्ठा झाली. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती टाकून ती चोपायला माणसे मिळेनात. मग 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आली. सुमारे 8,000 माणसे गेली, बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्या दिवसापासून माळवद हा शब्दच भीतीचा झाला. वस्तुतः ज्या घरांत छताचा भार भिंतींवर नसून खांबांच्या सांगाड्यावर होता, त्यांतल्या अनेकांच्या भिंती ढासळूनही छत उभे राहिले, असे पाहणी करणाऱ्यांनी नोंदवले आहे. लाकडाने आपले काम केले होते. पण भ्यालेल्या माणसाला हा बारकावा कोण सांगणार, आणि त्याने तो का ऐकावा?

राहात्यातला आमच्या घराण्याचा वाडा नऊ खणांचा. वाटेकरी चार. नऊ खणांचे चार समान वाटे होत नाहीत, आणि मधली तुळई कापली तर दोन्हीकडचे छत बसते. सिमेंटच्या घरात मध्ये भिंत घालता येते. माळवदाच्या घरात वाटणी म्हणजे मोडणी. दोन वर्षांपूर्वी चौघांनी मिळून लाकूड विकायचे ठरवले. जुने लाकूड घेणारा व्यापारी टेप घेऊन आला. त्याने खांब मोजले, तुळया मोजल्या, कोरीव हस्तांचा भाव वेगळा सांगितला, आणि हे सारे कुठल्याशा शहरातल्या हॉटेलात लागेल, असेही सांगितले. हॉटेलचे नाव त्यालाही ठाऊक नव्हते. ओसरीवर बसलेले नाना तेवढ्यापुरते म्हणाले, “मोजा, मोजा. आमच्या वडिलांनी हे मोजूनच आणलं होतं.” पुढे ते काही बोलले नाहीत. आमच्यापैकी कुणी विरोधही केला नाही. चार कुटुंबांना चार घरे हवी होती आणि ही गरज खरी होती.

खांब-तुळयांचे घर सोडवता येते, म्हणूनच ते विकता येते. सतराव्या शतकात मॉस्कोत तयार घरांचा बाजार भरे. गिऱ्हाईक घर निवडी, ओंडके सुटे करून नेई आणि आपल्या जागेवर पुन्हा रची. ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर ओशेव्नेव कुटुंबाचे 1876 सालचे घर 1951 साली असेच हलवून उभे केले गेले. आज ते संग्रहालयाचा भाग आहे. तिथे घर सोडवले ते पुन्हा घर व्हावे म्हणून. आपल्याकडे सुटलेला खांब दिवाणखान्यातली शोभा होतो. त्याच्यावर कसलाही भार नसतो.

प्रत्येक वाड्याचे संग्रहालय व्हावे, असे आम्ही म्हणणार नाही. ते शक्य नाही आणि इष्टही नाही. पण लाकूड जाण्यापूर्वी घर कागदावर उतरवणे कुणालाही जमण्यासारखे आहे, आणि त्याला खर्च एका वहीचा. व्यापाऱ्याची गाडी यायला आठ दिवस होते. तेवढ्यात आम्ही नानांना सोबत घेऊन खणाखणाने फिरलो, आराखडा काढला, प्रत्येक खांबावर चुन्याने आकडा घातला आणि प्रत्येक वस्तूचे नाव त्यांना विचारून लिहून घेतले. वहीत एकशे बारा शब्द झाले. त्यांपैकी चाळीसेक आम्हा मराठीच्या अध्यापकांनाही नवे होते. दाराच्या अडण्याला भिंतीत ओढून घेण्यासाठी जी पोकळी असते तिचे नाव नानांना आठवेना. त्यांनी शेजारच्या आळीतल्या एका वृद्ध सुताराकडे निरोप धाडला. तो दुसऱ्या दिवशी काठी टेकत आला, ओसरीवर चढून बसला, आणि त्या एका शब्दासोबत आणखी अकरा शब्द देऊन गेला.